चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका

"गाडी पिकअप सोडतेय? मेकॅनिकला पैसे देऊ नका, इलेक्ट्रिकल फॉल्ट घरीच शोधा" असा पाच मुद्द्यांचा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो माझ्या मामांपर्यंत पोचला. त्यांची गाडी चढाला ओढत नाही आणि मध्येच डॅशबोर्डचे दिवे मंद होतात. मामांनी फोन करून एवढंच विचारलं, "दहाचा पाना पुरेल ना रे?" मी त्यांना थांबवलं. पण असे किती मामा आज बॉनेट उघडून उभे असतील, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा असा: इंजिन चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चांगला, बंद पडलं तर खराब.

कृपा करून हे कोणीही करू नका. अल्टरनेटर जोरात करंट देत असताना बॅटरीची वायर अचानक सुटली, की तो करंट जाणार कुठे? व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर अल्टरनेटरचं चुंबकीय फील्ड कमी करायला बघतो, पण रोटरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) गुंडाळीतला करंट क्षणात उतरत नाही. तेवढ्या वेळात व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात, आणि तो इतका खरा धोका आहे की गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचणीसाठी आयएसओ १६७५०-२ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा वेगळा प्रयोग आहे. १२ व्होल्टच्या गाडीसाठी, अल्टरनेटरमध्ये संरक्षण नसेल तर, त्या प्रयोगातला झटका ७९ ते १०१ व्होल्टचा असतो आणि तो ४० ते ४०० मिलिसेकंद टिकतो. तुमचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएस ब्रेकचं युनिट, म्युझिक सिस्टिम, सगळं त्याच लाइनवर आहे.

"आम्ही केलं, काही झालं नाही," असं सांगणारे भेटतात. बऱ्याच नव्या अल्टरनेटरमध्ये झटका ३५ व्होल्टच्या आसपास दाबणारे डायोड असतात, म्हणून त्यांची गाडी वाचली. तुमच्या गाडीत ते आहेत की नाहीत हे बॉनेट उघडून दिसत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये ही युक्ती चालायची, हे मान्य. पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळात जळायला कॉम्प्युटरच नव्हता.

आणि एवढा धोका पत्करून कळतं काय? वीज एकाच दिशेला वळवणाऱ्या डायोडपैकी एखादा गेलेला अल्टरनेटरही इंजिन चालू ठेवू शकतो. उलट चांगला अल्टरनेटर असूनही बॅटरीशिवाय व्होल्टेज हेलकावे खातं आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे दोन्हीकडून निकाल चुकीचा. हेच काम तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर करतो: इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू, बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग होतंय.

दुसरा मुद्दा, फ्यूज सारखा उडत असेल तर वरच्या अँपिअरचा टाका. फ्यूज वायरच्या जाडीप्रमाणे ठरवलेला असतो. निळ्या १५ च्या जागी हिरवा ३० चा टाकलात, तर फ्यूज टिकेल आणि वायर वितळेल. फ्यूज का उडतो ते शोधा: घासलेली वायर, उंदरांनी कुरतडलेलं हार्नेस (वायरांचा जुडगा), जॅम झालेला फ्युएल पंप.

तिसरा, पंधरा मिनिटं बॅटरी काढून ठेवली की डॅशबोर्डवरचा इंजिनचा चेक लाइट जातो आणि फॉल्टही जातो. लाइट जातो, फॉल्ट तिथेच राहतो. शिवाय फॉल्ट आला तेव्हा आरपीएम किती, स्पीड किती, इंजिन किती गरम, ही नोंदही बहुतेक वेळा पुसली जाते. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) सेन्सरच्या गडबडीने गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे बचावासाठी स्वतःच ताकद कमी करून, जात असेल, तर मेकॅनिकला नेमकी हीच नोंद हवी असते. आधी स्कॅनर (ईसीएममधले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र) लावा.

चौथा, "बंद गाडीत १२ व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल". चूक. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली.

पाचवा, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर साफ करा. हे बरोबर आहे, नाही कशाला म्हणू. फक्त इंजिन बंद करून, चावी काढून. आधी निगेटिव्ह सोडायची, लावताना ती शेवटी. पण मेसेज इथेच थांबतो आणि अर्थिंगच्या (बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जोडलेल्या) वायरचं दुसरं टोक विसरतो. मामांच्या गाडीला स्कॅनर लावल्यावर पी०५६२ हा कोड निघाला, म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी. टर्मिनल चकचकीत होते आणि अल्टरनेटरही ठीक होता. इंजिन चालू ठेवून, लाइट आणि ब्लोअर लावून, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर धरायला सांगितली. तिथे ०.२ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा, त्यांच्याकडे १.१ आला. बॉडीकडच्या बोल्टखाली अर्थिंगची पट्टी गंजून अर्धी तुटली होती.