मदत मागणाऱ्या बाईच्या घरी कोण येतं-जातं?

सरकारी मदतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "खऱ्या गरजूंना द्या, आमची ना नाही." मीही कितीतरी वर्षं हेच म्हणत आले. आता म्हणवत नाही. 'किंग विरुद्ध स्मिथ' हा अमेरिकेतला खटला वाचला आणि त्या 'खऱ्या' शब्दाची धास्ती बसली.

अलाबामा राज्यातली चार मुलांची आई. तीन मुलांचा बाप वारलेला, चौथ्याच्या बापाचा पत्ता नाही. पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत ती स्वयंपाक करायची, गिऱ्हाइकांना वाढायची. आठवड्याचे १६ ते २० डॉलर मिळायचे. ऑक्टोबर १९६६ मध्ये तिच्या मुलांची मदत बंद झाली. का, तर शनिवार-रविवारी तिच्याकडे एक पुरुष येतो म्हणून! राज्याच्या नियमानं तो मुलांचा 'पर्यायी बाप' ठरला. त्याला स्वतःची नऊ मुलं होती आणि या चौघांना पोसायची त्याची ऐपतही नव्हती, तयारीही नव्हती. या नियमानंतर अडीच वर्षांत राज्यातली मदत मिळणारी मुलं सुमारे १६,००० नी घटली. जून १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं हा नियम मोडीत काढला.

असे नियम करणारे दुष्टच असतात असं नाही. ब्रिटनमध्ये १९०८ साली सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन देणारा कायदा झाला, मोठंच पाऊल होतं ते. पण जो अंगात ताकद असून सतत काम टाळत आला, त्याला पेन्शन नाही. तुरुंगात जाऊन आलेल्याला सुटकेनंतर दहा वर्षं नाही. सत्तराव्या वर्षी माणसाच्या उभ्या आयुष्याची झडती!

विम व्हॅन ओरशॉट या समाजशास्त्रज्ञानं, मदतीला कोण पात्र हे लोक मनात कसं ठरवतात, याच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत. ही वेळ त्याच्या चुकीमुळे आली का? तो नम्र आहे का? त्यानं आधी समाजाला काही दिलंय का? तो आपल्यातला आहे का? आणि त्याची गरज किती? पाचातली एकच गरजेची. युरोपातल्या पाहण्यांत म्हणूनच म्हातारी माणसं सर्वांत वर, मग आजारी आणि अपंग, मग बेरोजगार, आणि स्थलांतरित तळाला.

राबून कर भरणाऱ्याला ऐतखाऊचा राग येतो, तो मला खोटा वाटत नाही. मलाही येतो. पण त्या रागाचा नियम झाला की ऐतखाऊ खुबीनं निसटतो आणि ज्याला चारचौघांत आपलं आयुष्य उकलून दाखवायची लाज वाटते, तो अर्जच करत नाही. म्हणून मुलांची आणि म्हाताऱ्यांची मदत तरी सरसकट द्यावी, या मताला मी आले आहे. श्रीमंतांकडून ती करातून परत घेता येते. अलाबामातल्या त्या चौघांत सगळ्यात धाकटं नऊ वर्षांचं होतं. आईकडे कोण येतं याचा जाब त्याच्या पोटाला का विचारायचा?