शिरोडा दोन आहेत हो, दोन! लेबल वाचायला काय पैसे पडतात?

आज परत तेच झालं. बाबांचं कानाचं मशीन पुण्याहून दुरुस्त होऊन कुरियरने निघालं, लेबलावर ठळक अक्षरात शिरोडा, तालुका फोंडा, गोवा, पिन ४०३१०३, सगळं मीच सांगून लिहून घेतलेलं, फोटो काढून ठेवलेला, आणि दुपारी फोन येतो कुठून तर वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्यातून. पोरगा बिचारा म्हणतो, "दादा, मी बाजारात उभो आसय, तुमचा घर खय?" मी म्हटलं कामाक्षीच्या देवळाकडे ये. तो म्हणाला, "हय कामाक्षी खय? हय माऊलीचा देऊळ आसा." आणि मग फोनवर दोघेही गप्प, कारण दोघांनाही एकदमच कळलं काय झालंय ते.

त्या पोराला मी एक शब्द बोललो नाही. त्याची काय चूक, त्याच्या पिशवीत जे कोंबलं ते घेऊन तो उन्हात फिरतोय. उलट तोच म्हणाला की तुमच्याकडची पार्सलं ह्याच्याआधी पण इकडे आलीत, आम्ही परत पाठवतो, ती परत येतात. म्हणजे त्याला कळतं! गाडीवरून पार्सलं वाटणाऱ्या पोराला कळतं आणि जिथे वातानुकूलित गोडाऊनमध्ये मशीन लेबल स्कॅन करतं तिथे कोणाला कळत नाही.

मग कस्टमर केअर. आधी ते संगीत, मग भाषा निवडा, मग तक्रारीसाठी चार दाबा, आणि शेवटी एक मुलगी आली तर ती म्हणते, "सर, आमच्या सिस्टीममध्ये शिरोडा एकच दाखवतंय." मी म्हटलं पिनकोड बघा. "पिनकोड बरोबर आहे सर, पण हब सिंधुदुर्गचं येतंय." अहो मग पिनकोड बरोबर आहे म्हणजे काय? तो बरोबर आहे तर पार्सल त्या पिनकोडावर का नाही? तर म्हणते, "आपण तिथे जाऊन कलेक्ट करू शकता का सर, जवळच आहे ना?" जवळच! फोंडा, पणजी, म्हापसा, पेडणे, किरणपाणीचा पूल, आरोंदा, आणि मग शिरोडा. अख्खा गोवा खालून वर पार करून राज्याच्या बाहेर जायचं, वाटेत पणजीची ट्रॅफिक आणि म्हापशाची ट्रॅफिक खायची, आणि ह्याला हे जवळच म्हणतात, कारण स्क्रीनवर दोन्ही नावं सारखी दिसतात.

पण खरा संताप त्याचाही नाही. फोन ठेवला आणि लगेच मोबाईलवर मेसेज आला. "ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही. डिलिव्हरी अयशस्वी." मी उपलब्ध नाही! मी सकाळपासून रजा टाकून घरात बसलोय, पुढचं दार सताड उघडं, कारण बाबांना बेल ऐकू येत नाही आणि आई देवळात गेलेली. मी माझ्या पत्त्यावरच आहे, माझे आजोबा-पणजोबा ह्याच पत्त्यावर होते, चुकीच्या राज्यात उभे तुम्ही आणि गैरहजर मी? ही नोंद आता कायमची माझ्या नावावर राहणार, परत मागवलं की "सर, मागच्या वेळी आपण उपलब्ध नव्हता" असं ऐकवणार. चूक करा बाबांनो, माणसं चुकतात, पण स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर लिहू नका ना. हे मला सहनच होत नाही, कधीच झालेलं नाही, आमच्या ऑफिसातही ह्याच गोष्टीवरून माझी भांडणं होतात.

इकडे बाबा जुनं मशीन लावून बसलेत, ते शिट्टी मारतं, म्हणून काढून ठेवतात, मग हाताचा पंजा कानामागे धरून विचारतात "आलं काय रे?" आणि मी मोठ्याने "नाही" म्हणतो, ते तीन घरांपलीकडे ऐकू जातं.

बरं, हा पिनकोड काढला कशासाठी? ह्याचसाठी! १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला, आणि तो आखणारा माणूस मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतात कविता करणारा पोस्टातला अधिकारी. देशात एकाच नावाची ढीगभर गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि अक्षरांत लिहिलेले, पत्रं भलतीकडे जायची, म्हणून त्या माणसाने सहा आकडे दिले. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे ते पोस्ट ऑफिस. ४०३ लागलं की गोवा. ४१६ लागलं की कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गची बाजू. तिसरीतल्या पोराला दहा मिनिटांत शिकवता येतं. अर्ध्या शतकापूर्वी हा प्रश्न कागदावर सुटला, खाकी कपड्यातला पोस्टमन सायकलवरून तो सोडवत होता, आजही आमच्या पोस्टाचं पत्र बरोबर घरी येतं, आणि ह्यांचं सिस्टीम नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवर जो शिरोडा आधी सापडेल तिकडे माल ढकलतं.

हे फक्त पार्सलाचं असतं तर मी गप्प बसलो असतो. भाचीच्या साखरपुड्याला कोल्हापूरचे पाहुणे, मुलाकडचे बरं का, मोबाईलच्या नकाशावर शिरोडा टाकून निघाले आणि पोचले वेंगुर्ल्याकडच्या वेळागरच्या किनाऱ्यावर. समुद्र बघून त्यांना वाटलं, वा, गोवा आला. इकडे भटजी मुहूर्त धरून बसलेले, वहिनी दर पाच मिनिटांनी गेटपर्यंत, आणि तिकडे मुलाचे काका फोनवर विचारतायत की किनाऱ्यावरून देऊळ कुठे दिसतं. आमच्या शिरोड्याला समुद्रकिनारा नाही हो! आमच्याकडे झुआरी आहे, नदी, मडगांवकडून आलं तर बोरीचा पूल ओलांडून इकडे यायचं. एवढं एक वाक्य मी आमंत्रणपत्रिकेवर छापायला सांगितलं होतं, तर दादा म्हणाला, पत्रिका आहे की भूगोलाचं पुस्तक. आता?

आणि आडनावाचा जाच वेगळाच. मुंबई-पुण्यात कुठेही नाव सांगितलं की पहिला प्रश्न, नम्रता तुमची कोण? कोणी नाही! शिरोडकर हे गावावरून पडलेलं आडनाव आहे, दोन शिरोडे असल्यावर दोन्हीकडून शिरोडकर निघणार, आणि एकाच गावातून निघालेलेही सगळे भाऊबंद नसतात. नम्रता शिरोडकर १९९३ची मिस इंडिया, फार चांगली गोष्ट. तिची आजी मीनाक्षी शिरोडकर, १९३८ साली पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ती बाई धीराची. आणि लग्नाआधी ती रतन पेडणेकर, म्हणजे तेही गावावरूनच आलेलं नाव. आता प्रत्येक पेडणेकराला कोणी विचारतं का तुम्ही मीनाक्षीबाईंचे कोण म्हणून? मग आम्हीच काय घोडं मारलंय?

ज्याच्याबद्दल विचारायला पाहिजे त्याच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, आमच्या शिरोड्यात, फोंडा तालुक्यातल्या. गर्भाशयाचं तोंड दिवस भरायच्या आत उघडतं आणि पोटातलं बाळ जातं, अशा बायकांसाठी त्यांनी तिथे आवळून टाका घालायची शस्त्रक्रिया काढली, १९५५ साली ती जगापुढे मांडली. सुरुवातीला तर रुग्णाच्याच मांडीतल्या आवरणाची पट्टी काढून ते टाका घालायचे. दोन वर्षांनी मॅकडोनाल्ड नावाच्या डॉक्टरची सोपी पद्धत आली, पण शिरोडकरांचं नाव आजही जगभरच्या स्त्रीरोगाच्या पुस्तकात आहे. किती घरांत ह्या एका टाक्यामुळे पाळणा हलला असेल. १९७१ला पद्मविभूषण मिळालं, त्याच वर्षी गेले. आणि माझ्या बायकोच्या वेळी दवाखान्यात ते नाव निघालं तेव्हा मी अभिमानाने म्हटलं, हे आमच्या गावचे, तर तिथली शिकाऊ डॉक्टर म्हणते, "हो ना, वेंगुर्ल्याचे, मी वाचलंय कुठेतरी." कुठेतरी! ह्या कुठेतरीने आमचं वाटोळं केलंय.

मी काही वेंगुर्ल्याच्या शिरोड्याशी भांडत नाहीये, हे नीट लक्षात घ्या. ते गाव सोन्यासारखं आहे आणि त्याचं स्वतःचं भरपूर आहे, त्याला आमचं उसनं घ्यायची गरजच नाही. मिठागरं त्यांची. १९३०च्या मे महिन्यातला मिठाचा सत्याग्रह त्यांचा, लाठ्या खाल्ल्या त्या मातीत. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ त्या गावच्या शाळेत मास्तर होते, ज्याला पुढे १९७४चं ज्ञानपीठ मिळालं त्या माणसाने ऐन उमेदीची वर्षं तिथल्या पोरांना शिकवण्यात घालवली. हे सगळं त्यांचं आहे, आणि त्यांच्याकडून काढून आमच्या पदरात टाकलं तर मला त्याचाही तेवढाच राग येतो. आमची देवी कामाक्षी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचापायी सासष्टीतल्या रायहून नदी ओलांडून इथे आली, तो आमचा इतिहास. दोन्ही गावांनी आपापलं भोगलंय. त्यांना एकात एक कालवून काय मिळतं लोकांना?

आणि आम्हीच एकटे नाही. केरी म्हटलं की गोव्यातच विचारावं लागतं कुठलं केरी, सत्तरीतलं, पेडण्यातलं समुद्राकडचं, की फोंड्यातलं, जिथे नायलॉनच्या कारखान्याविरुद्ध लोक उभे राहिले. फोंडा म्हटलं की कणकवलीकडचा माणूस फोंडाघाट समजतो. बार्देसातलं नेरूल शोधायला जा, नवी मुंबईतले फ्लॅट भाड्याने मिळतात. सावर्डे टाकलं की चिपळूणचं. आणि त्यात सरकारी पाट्या! आमच्याच गावाचं नाव इंग्रजीत एका पाटीवर एस-आयने सुरू होतं, दुसरीवर एस-एच-आयने, गाव मार्गांव लिहायचं आणि स्टेशन मडगांव, फोंड्याचा तर बाहेरच्यांनी पोंडा करून टाकलाय आणि आपलेच लोक त्यांच्याशी बोलताना पोंडा म्हणतात. मला ऐकवत नाही. बोलणाऱ्याला मी तिथल्या तिथे थांबवतो, वाईट दिसलं तर दिसू दे.

आता कळस ऐका. कालच भाच्याच्या शाळेतली सामान्यज्ञानाची प्रश्नपत्रिका घरी आली, गोव्यातल्या शाळेतली. प्रश्न, गोव्यातल्या कोणत्या गावी मिठाचा सत्याग्रह झाला? उत्तर शिरोडा, समोर लाल पेनाने बरोबरची खूण. अहो, गोव्यात १९६१च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज होते! इंग्रजांचा कायदा मोडायला निघालेले सत्याग्रही पोर्तुगिजांच्या राज्यात कशाला येतील? प्रश्न काढणाऱ्याने एक क्षण तरी विचार केला असता तर हात थांबला असता. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक विचारायचे तर आमच्या विधानसभेचे पहिले सभापती पां. पु. शिरोडकर विचारा ना, ते पोर्तुगिजांविरुद्ध लढले. तेही नाव शिरोडकरच आहे, पण ते एकाही पोराला माहीत नाही, आणि जे इथे घडलंच नाही त्याला मार्क.

भाचा म्हणतो, मामा जाऊ दे ना, मार्क मिळालाय. आई म्हणते, शिक्षकांशी वाद नको, पोराला वर्ष काढायचंय तिथे. म्हणून तोंडी भांडायला जाणार नाही. पण एक पान लिहून काढलंय, प्रश्न चूक का आहे, सत्याग्रह कुठला, डॉक्टर कुठले, सभापती कोण, प्रत्येक गावापुढे तालुका आणि जिल्हा लिहून, आणि सोमवारी ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून पोच घेणार. मार्क कापला तर कापू दे, भाच्याला मी तसं सांगून ठेवलंय, तो रुसून बसलाय.