उंदराच्या खात्यावर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या आयुष्यात डिस्ने वर्ल्डची सहल सत्यनारायणासारखी येते; ती कधी करायची एवढाच प्रश्न असतो, करायची की नाही हा नसतो. आमच्या घरी हा योग यंदा जुळून आला, कारण मुलगी राजकन्यांवर विश्वास ठेवण्याच्या वयाच्या अगदी काठावर उभी आहे आणि सांगलीहून माझे आईवडील हिवाळ्यात आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला येणार आहेत. ऑरलँडोजवळची ती चार उद्याने, तारखेप्रमाणे चढउतार होणारे तिकिटांचे भाव, आणि रांगेत कमी वेळ उभे राहण्यासाठी वेगळे मोजायचे ‘लाइटनिंग लेन’चे पैसे हे सारे मी मुकाट्याने मान्य केले होते. पण महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्याच्या रांगेत एका मित्राने सहज विचारले, ‘‘मग कार्ड कुठलं घेतलंस?’’ आणि त्या क्षणापासून माझ्या संध्याकाळी उंदराच्या हिशेबात जाऊ लागल्या.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिस्नेच्या नावाने चेस बँक व्हिसा क्रेडिट कार्डे देते. एक बिनशुल्क, दुसरे ‘प्रीमियर’, ज्याला वर्षाला ४९ डॉलर पडतात, आणि २०२५ मध्ये त्यांच्यात भर पडलेले तिसरे ‘इन्स्पायर’, ज्याचे वार्षिक शुल्क १४९ डॉलर. बिनशुल्क कार्डावर प्रत्येक खरेदीमागे १ टक्का परत मिळतो. प्रीमियरवर किराणा, पेट्रोल, उपाहारगृहे आणि डिस्नेची बहुतेक ठिकाणे यांवर २ टक्के मिळतात, डिस्नेच्याच स्ट्रीमिंग सेवांवर ५ टक्के, आणि उरलेल्या सगळ्यावर पुन्हा तोच १ टक्का. शिवाय नव्या सभासदाला स्वागताची भेट असते. तिचा आकडा हंगामाप्रमाणे बदलतो, आणि आपण अर्ज केल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तो वाढेल, अशी प्रत्येक अर्जदाराची पक्की समजूत असते.

माझा स्वभाव तक्ता मांडण्याचा असल्यामुळे मी तक्ता मांडला. प्रीमियरवर काही प्रकारच्या खर्चात १ टक्का जास्त मिळतो, म्हणजे नुसते ४९ डॉलरचे शुल्क भरून निघायलाच वर्षाला ४,९०० डॉलरचे वाणसामान, पेट्रोल आणि बाहेरचे खाणे व्हायला हवे. ‘‘त्यात काय, होतंच की,’’ असे पत्नी म्हणाली, आणि महिन्याच्या याद्या पाहता तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण शुल्क भरून निघणे म्हणजे फायदा होणे नव्हे; ४,९०० डॉलर खर्चून आपण फक्त बिनशुल्क कार्डवाल्याच्या शेजारी येऊन उभे राहतो. त्यातही गोम अशी की बँकेच्या लेखी किराणा म्हणजे फक्त किराणा दुकान. ज्या अवाढव्य घाऊक क्लबातून आम्ही दहा किलोची तांदळाची पोती आणतो, ते किराण्यात धरत नाहीत. तिथे १ टक्काच. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात मात्र कोथिंबिरीच्या जुड्या, तोंडली, पोह्यांची पाकिटे आणि मिरच्यांची पुडी यांचे पैसे ‘स्टार वॉर्स’मधल्या खलनायक डार्थ व्हेडरचे काळे शिरस्त्राण छापलेले कार्ड पुढे करून देता येतील. गल्ल्यावरच्या काकूंच्या चेहऱ्यावर त्यामुळे काय उमटेल, याची किंमत तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायची ते मला ठरवता आले नाही.

याच तक्त्यात मी खोडसाळपणे आणखी एक ओळ घातली. सगळ्या खरेदीवर सरसकट २ टक्के रोख परत देणारी, वार्षिक शुल्क नसलेली साधी कार्डे बाजारात कधीपासून आहेत. त्यांच्यावर ना राजवाडा, ना उंदीर. प्रीमियर या साध्या कार्डाच्या पुढे जाते ते फक्त स्ट्रीमिंगच्या ५ टक्क्यांत. वर्षाला त्या सेवांचे २०० डॉलर धरले, तर जास्तीची कमाई होते ६ डॉलर. तेवढ्यासाठी ४९ डॉलर द्यायचे. ही ओळ मी घरच्यांना दाखवली तेव्हा मुलीने विचारले, ‘‘बाबा, पण त्या दुसऱ्या कार्डावर चित्र कोणाचं आहे?’’ कोणाचेच नाही, असे म्हटल्यावर ती ओळ तिच्यापुरती बाद झाली.

खरी मेख परतफेडीच्या चलनात आहे. परत मिळतात ते डॉलर नव्हेत, ‘डिस्ने रिवॉर्ड डॉलर’. ते २० जमले की वेगळ्या एका कार्डावर उतरवून घ्यायचे आणि मुख्यतः डिस्नेच्याच दारात खर्च करायचे. प्रीमियरवाल्यांना ते विमानाच्या तिकिटापोटी वळते करून घेण्याची सोय आहे, पण ते विमान बहुतेक वेळा कुठे उतरणार हे सांगायला नको. म्हणजे ज्या दुकानात खिसा रिकामा झाला, त्याच दुकानाने पुढच्या खेपेच्या भाड्याला मदत करायची. कंपनीला ही विद्या नवी नाही. १९८७ पासून डिस्नेच्या उद्यानांत ‘डिस्ने डॉलर’ नावाच्या खऱ्याखुऱ्या कागदी नोटा मिळत. एकच्या नोटेवर मिकी होता, पाचच्या नोटेवर गूफी, आणि एका डॉलरला एक असा भाव होता. २०१६ मध्ये त्यांची विक्री थांबली. कित्येकांनी त्या आठवण म्हणून जपून ठेवल्या, म्हणजे रोकडा डॉलर देऊन कागद विकत घेतला आणि तो कधी वटवलाच नाही. माझ्या मते व्यापाराच्या इतिहासात याहून सभ्यपणे कोणी कोणाचे पैसे ठेवून घेतले नसतील.

हे सगळे मी व्हिडिओ कॉलवर वडिलांना, म्हणजे अण्णांना, समजावून सांगत होतो. अण्णा सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले असून, कुठल्याही योजनेत ते प्रथम व्याजाचा दर विचारतात. ‘‘निवडक सहलींवर पहिले सहा महिने शून्य टक्के व्याज आहे,’’ असे मी उत्साहाने म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘‘म्हणजे हप्त्यावर उंदीर बघायला जायचं. आणि सातव्या महिन्यात काय?’’ सातव्या महिन्यात कार्डाचा नेहमीचा दर लागतो, आणि तो कोणत्याही सहकारी बँकेच्या अध्यक्षाला हेवा वाटावा असा असतो. मी विषय बदलला.

विषय बदलून मी इन्स्पायरकडे वळलो, कारण तक्त्यात हेच एक कार्ड खरोखर झुंज देत होते. वर्षभरात अमेरिकेतल्या डिस्ने उद्यानांच्या तिकिटांवर २०० डॉलर खर्च झाले की १०० डॉलर परत. त्यांच्या हॉटेलांवर किंवा जहाजाच्या सफरीवर २,००० डॉलर झाले की २०० रिवॉर्ड डॉलर. पाच माणसांची तिकिटे काढताना २०० चा आकडा गेटपाशीही पोचत नाही, वाटेतच ओलांडला जातो, आणि त्यांच्याच हॉटेलात आठवडाभर राहिले तर दुसरी अटही जवळपास आपोआप सुटते. १४९ गेले, ३०० आले, आणि जन्मात प्रथमच उंदराकडून आपल्याला येणे निघाले! हा आनंद मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केला. पत्नीने शांतपणे विचारले, ‘‘आणि पुढच्या वर्षी?’’ पुढच्या वर्षी जायचे नसेल तर ते ३०० येणार नाहीत, १४९ डॉलर मात्र जाणारच. ते वाचवायचे असतील तर पुन्हा जायला हवे, म्हणजे दीडशे डॉलर वाचवण्यासाठी पाच-सहा हजार डॉलरची सहल. कोहळा देऊन आवळा मिळवण्याचा हा व्यवहार इतक्या सुबक अटींमध्ये बसवलेला आहे की मांडणाऱ्याचे कौतुकच करावेसे वाटते. ज्यांची डिस्ने वारी दरवर्षी ठरलेली आहे त्यांनी हे कार्ड जरूर घ्यावे. आमची एकादशी दर वर्षी परवडणारी नाही.

उरल्या त्या सवलती. ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या निवडक वस्तूंवर १० टक्के आणि ठरावीक उपाहारगृहांत १० टक्के. त्यातली मजा अशी की या सवलती बिनशुल्क कार्डावरही मिळतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ४९ डॉलर भरण्याचे कारण उरत नाही. मात्र ४२ डॉलरच्या खरेदीवर समाधानाने थांबणारा माणूस ‘आणखी आठ डॉलरचं काही घेऊ या’ म्हणून मिकीच्या कानांची टोपी उचलतो आणि पाच डॉलर वाचवल्याच्या आनंदात बाहेर पडतो. शिवाय त्या चार उद्यानांपैकी एप्कॉटमध्ये कार्डधारकांसाठी राखून ठेवलेली एक जागा आहे, जिथे मिकीच्या मंडळींबरोबर फोटो काढून मिळतो. मुलीच्या लेखी विषय इथे संपला होता. शुल्क, टक्के, अटी यांपैकी काहीही तिच्यापर्यंत पोचले नव्हते. राखीव फोटो मात्र एकदा ऐकून पाठ झाला होता.

मंडळातल्या मित्राला मी तक्ता पाठवला, तेव्हा तो मोठ्या भावासारखा हसला. त्याचे स्वतःचे धोरण निराळे होते. टार्गेट दुकानाच्या कार्डावर डिस्नेची गिफ्ट कार्डे ५ टक्के कमी किमतीत मिळतात. ती गठ्ठ्याने घ्यायची आणि तिकिटांपासून हॉटेलापर्यंत सगळे त्यांतून भागवायचे. ना वार्षिक शुल्क, ना वेगळे चलन. गणित बिनतोड होते. फक्त त्यासाठी डझनभर गिफ्ट कार्डांचे क्रमांक आणि शिल्लक यांची वही ठेवावी लागते, आणि गल्ल्यावर मागे रांग लागलेली असताना ‘या कार्डात सात डॉलर तेरा सेंट आहेत, ते आधी घ्या’ असे सांगण्याचे धैर्य लागते.

शेवटी बिनशुल्क कार्डावर एकमत झाले. चित्रावर मात्र तीन मते होती. मुलीला ‘फ्रोझन’मधली एल्सा हवी होती, पत्नीला ‘स्टार वॉर्स’मधला चिमुकला ग्रोगू, आणि मी डार्थ व्हेडरवर अडून बसलो होतो. त्या गदारोळात आजवर एक शब्दही न बोललेल्या आईने पडद्यावरून विचारले, ‘‘अरे, ते दहा टक्के सुटतात त्या हॉटेलांत शाकाहारी काय मिळतं?’’ या प्रश्नाला तक्त्यात रकानाच नव्हता. डिस्नेच्याच अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या ‘सना’ उपाहारगृहात चटण्यांबरोबर नान मिळतात, असे मी शोधून सांगितले. ‘‘नान खायला फ्लोरिडाला?’’ असे म्हणून तिने उद्यानात घरचे खाणे नेऊ देतात का, ते पाहायला लावले. नेऊ देतात, फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही. ‘‘मद्य कोण नेतंय,’’ आई म्हणाली, आणि तिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या पोळ्या यांची यादी सांगायला सुरुवात केली. मी तक्त्यात नवी ओळ घातली : सवलत १०० टक्के, वार्षिक शुल्क शून्य. अण्णांनी लगेच विचारले, ‘‘आणि सातव्या महिन्यात काय?’’