ऊब आणि तिच्या अटी

विजेच्या तारांपासून दूर, ऐन हिवाळ्यात, मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये मुक्काम करणाऱ्या माणसाला उष्णतेचे जेवढे ज्ञान होते तेवढे भौतिकशास्त्राच्या पदवीधरालाही होत नसावे; कारण पदवीधराची परीक्षा तीन तासांत आटोपते आणि आमची सूर्य मावळल्यावर सुरू होते. ट्रेलरच्या भिंती जेमतेम दीड-दोन इंच जाडीच्या, काचा बहुधा एकेरी आणि तळाखाली वाऱ्याला मोकळे मैदान. अशा वास्तूत ऊब निर्माण करणे फारसे अवघड नाही. तिने थांबावे, आणि थांबण्याच्या बदल्यात भलत्याच अटी घालू नयेत, हे अवघड आहे.

ट्रेलरमध्ये मुळातच बसवलेली प्रोपेनची भट्टी असते. ती उत्तम तापते. मात्र ती जाळते गॅस आणि खाते बॅटरी, कारण गरम हवा खोलीत ढकलणाऱ्या तिच्या पंख्याला बारा व्होल्टवर सात-आठ अँपिअर लागतात. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढावी असा दंडक आहे, आणि थंडीत त्या निम्म्यातूनही काही भाग रजेवर जातो. परिणामी पहाटे सिलिंडर भरलेला, पंखा निपचित आणि आम्ही टोपीसकट पांघरुणात, असे दृश्य दिसते. ‘मग सरळ विजेचा हीटर लावा की,’ असे आमचे मेहुणे म्हणाले. पंधराशे वॅटचा हीटर बारा व्होल्टवर सव्वाशे अँपिअर ओढतो, म्हणजे तीच बॅटरी तासाभराच्या आत संपूर्ण रिकामी होते, हे गणित मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी कागद चुरगाळून शेकोटीत टाकला, आणि त्याची ऊब मात्र बॅटरीला अजिबात न छळता मिळाली.

पंखा नको म्हणून बिनपंख्याचा प्रोपेन हीटर आणावा, तर त्याला वीज लागत नाही, पण तो खोलीतला प्राणवायू वापरतो आणि आपला धूर खोलीतच सोडतो. म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवणे सक्तीचे असते. ऊब यावी यासाठी बाहेरची थंडी आत घ्यायची, हे तत्त्वज्ञान पचायला वेळ लागतो. परंतु कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जमवून घेतो, त्यामुळे या मुद्द्यावर मी विनोद करत नाही आणि हा वायू ओळखणाऱ्या गजराशिवाय झोपत नाही. एवढ्याने भागते असेही नाही. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते, आणि ते वाफेच्या रूपाने थंड भिंतींवर, काचांवर व छतावर जाऊन बसते. माणसांच्या श्वासातले पाणी वेगळेच. पहाटे छतावरून कपाळावर थेंब थेंब अभिषेक सुरू झाला, की पूजेत न बसताही आपण देवस्थानी पोहोचल्याचे जाणवते. उंच डोंगरावर मुक्काम असला तर अशा हीटरमधला प्राणवायू मोजणारा सुरक्षा-झडपेचा भाग हवा विरळ पाहून हीटरच बंद करतो. तेव्हा अभिषेक थांबतो, पण त्यात समाधान मानावे असे काही उरत नाही.

ब्यूटेनचे छोटे डबे घेऊन येणाऱ्यांना मी फक्त हात जोडतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो. ब्यूटेन शून्याजवळ पोहोचताच संपावर जातो.

मेहुण्यांचा पुढचा शोध म्हणजे मेणबत्तीवर उपडी घातलेली मातीची कुंडी. मेणबत्ती फार तर ऐंशी वॅट उष्णता देते आणि कुंडी तिच्यात एका वॅटचीही भर घालत नाही. स्वस्थ बसलेला माणूस मात्र सुमारे शंभर वॅट देतो. म्हणजे ट्रेलरमध्ये एक मेहुणा बसवला तर मेणबत्तीपेक्षा अधिक ऊब मिळते. फक्त त्याला फुंकर मारून शांत करता येत नाही.

लाकडाची चिमुकली शेगडी दिसायला देखणी असते. ती बसवायची तर छताला भोक पाडून धुराडे काढावे लागते आणि आजूबाजूच्या भिंतींना पत्र्याचे संरक्षण द्यावे लागते. तिचे पोट एवढे लहान, की तासा-दोन तासांनी उठून तिला भरवावे लागते. भरवल्यावर खोलीत घाम फुटतो, विसरल्यावर दात वाजतात, आणि मधली अवस्था नेमकी आपण झोपेत असताना येऊन जाते.

या सगळ्यांत माझे मत डिझेल हीटरला आहे. तो ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत कोरडी ऊब देतो. तासाला अर्धा लिटरही डिझेल पुरून उरते. पेटताना ग्लो प्लगसाठी, म्हणजे डिझेल पेटवणाऱ्या तापत्या कांडीसाठी, काही मिनिटे दहा-एक अँपिअर मागतो, नंतर एक-दोनवर समाधानी राहतो. कायम मंद आचेवर ठेवला तर त्याच्यात काजळी साचते, म्हणून त्याला अधूनमधून पूर्ण जोराने चालवावे लागते. त्याचा पंप रात्रभर टक-टक करतो. आमच्या हिचे म्हणणे असे, की या आवाजापेक्षा थंडी बरी. तिची थंडी मात्र माझ्या बाजूचे पांघरूण ओढून भागवली जाते.

शेवटी खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणे स्वस्त, हे कळल्यावर गरम पाण्याची पिशवी आणि बारा व्होल्टचे ब्लँकेट आले. एवढ्यात नवी लिथियमची बॅटरी आली, आणि तिच्या पुस्तिकेत ‘शून्य अंशाखाली चार्ज करू नये’ अशी ताकीद निघाली. म्हणून बॅटरी आत आणून पलंगाखाली ठेवली आणि डिझेल हीटरची गरम हवेची नळी तिच्याकडे वळवली.

“अहो, ही नळी माझ्या पायांकडे केव्हा वळणार?” हिने विचारले.

“बॅटरी भरली की.”

“आणि ती कधी भरणार?”

मी खिडकीबाहेर पाहिले. सोलर पॅनेलवर वीतभर बर्फ होता, आणि तो झाडायला कोणी जायचे यावर मेहुण्यांनी आधीच डोळे मिटून घेतले होते.