तेल ओतून टाकू नका!

लेखात पीनट बटरवर साचलेलं तेल काढून टाकायला सांगितलंय, ते अजिबात पटलं नाही. शेंगदाण्यात वजनाच्या ४५ ते ५० टक्के तेलच असतं. बाजारच्या नेहमीच्या बरणीत ते वर येत नाही, कारण त्यात हायड्रोजनेटेड, म्हणजे प्रक्रिया करून घट्ट केलेलं, तेल घालून दाण्यांचं तेल धरून ठेवलेलं असतं. नुसते दाणे आणि मीठ असेल, तर हलकं तेल वर येणारच. ते ओतलंत की खाली उरतो कोरडा, घट्ट गोळा. पोळीला लावायला गेलात तर पोळीच फाटते.

आमच्या बडोद्यात एप्रिल-मेमध्ये बरणी ओट्यावर राहिली की तेल भराभर सुटतं. म्हणून उघडण्याआधी बरणी एक दिवस उलटी ठेवावी (झाकण घट्ट आहे ना, ते आधी बघा, नाहीतर कपाट तेलकट). मग लांब दांड्याचा चमचा पार तळापर्यंत घालून खालचा थर उकरत हळूहळू वर आणायचा. घाई केली की तेल काठावरून सांडतं. एकजीव झालं की लगेच फ्रीजमध्ये. गारव्यात तेल दाटतं, पुन्हा सहसा वेगळं होत नाही आणि लवकर खवटही होत नाही. चमचा मात्र कोरडाच हवा.

आणि घरी करणाऱ्यांनी वरून तेल घालूच नये. दाणे खमंग भाजून, मिक्सर थांबवत थांबवत वाटा, त्यांचंच तेल सुटतं. सौराष्ट्रातल्या शेंगांचे दाणे इथे सहज मिळतात, त्यांना आणखी तेल कशाला? तरीही थोडं तेल काढायचंच असेल तर लसणाच्या चटणीत घाला, मोरीत नको.