घंटा कधी वाजली? एका आक्षेपाला उत्तर

बाजारातील पडझड आधीच ओळखू पाहणारी संगणकीय प्रारूपे म्हणजे ‘महागड्या यंत्रावर मांडलेली कुंडली’ आहे, असे आपण माझ्या लेखावर आक्षेप घेताना लिहिले आहे आणि ६ मे २०१० रोजी अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटांत कोसळून सावरला तेव्हा हे ज्योतिषी कुठे होते, असेही विचारले आहे. आपला निम्मा आक्षेप मला मान्य आहे.

त्या दुपारी २ वाजून ३२ मिनिटांनी अमेरिकेतील एका मोठ्या फंडाने ई-मिनी फ्यूचर्सचे (शेअर निर्देशांकाच्या पुढील भावावर शिकागोच्या बाजारात होणारे सौदे) ७५,००० करार, म्हणजे सुमारे ४.१ अब्ज डॉलरचा माल, विकण्याचे काम एका अल्गोरिदमवर सोपवले. मागच्या मिनिटातील उलाढालीच्या ९ टक्के विकत राहायचे, भाव आणि वेळ बघायची नाही, एवढेच त्याला सांगितलेले होते. पुढे सेकंदाच्या अंशात सौदे करणारी अतिवेगवान यंत्रे तोच माल एकमेकांच्या गळ्यात मारू लागली, उलाढाल फुगली आणि ती फुगली म्हणून अल्गोरिदमची विक्रीही वाढली. एसईसी आणि सीएफटीसी या अमेरिकेतील बाजार-नियामक संस्थांच्या संयुक्त अहवालानुसार २:४५:१३ ते २:४५:२७ या चौदा सेकंदांत या यंत्रांनी २७,००० हून अधिक करार फिरवले, पण त्यांची निव्वळ खरेदी जेमतेम २०० करारांची भरली. उलाढाल दांडगी आणि गिऱ्हाईक नाही, असा तो प्रकार होता.

माझ्या लेखात मी व्हीपिन या, उलाढालीतील खरेदी-विक्रीचा असमतोल मोजणाऱ्या निर्देशांकाला ‘तासभर आधी वाजलेली घंटा’ म्हटले होते. ईझ्ली, लोपेझ दे प्रादो आणि ओहारा या त्याच्या कर्त्यांचा दावा तसाच आहे. परंतु अँडरसन आणि बोंदारेन्को यांनी दाखवून दिले की त्याने उच्चांक गाठला तो पडझडीनंतर, आधी नव्हे. तेव्हा ते शब्द मी मागे घेतो.

मात्र यावरून सगळीच प्रारूपे निकालात काढणे मला पटत नाही, कारण तारीख सांगणे हे त्यांतील बऱ्याच प्रारूपांचे काम मुळातच नाही. थर्नर, फार्मर आणि जिआनाकोप्लोस यांच्या प्रारूपात फंड कर्ज काढून स्वस्त वाटणारा माल घेतात. भाव थोडा घसरला की कर्जाचे प्रमाण मर्यादेबाहेर जाते, मग पडत्या बाजारातच विकावे लागते आणि बाहेरून कोणतीही वाईट बातमी न येता बाजार कोसळतो. कोसळण्याचा दिवस त्यातून कळत नाही. कर्ज किती वाढले की साधी घसरणही झेपणार नाही, हे कळते. (मुहूर्त विचारणाऱ्याला एवढ्याने समाधान होत नाही, हे मी समजू शकतो.)

आणि तारखेवाचूनही उपाय करता येतो. त्या दिवशी २:४५:२८ ला शिकागोच्या बाजाराच्या यंत्रणेने व्यवहार आपोआप पाच सेकंद थांबवले आणि ते पुन्हा सुरू झाल्यावर भाव सावरू लागले. पुढची ठिणगी कोण टाकणार, हे त्या यंत्रणेला ठाऊक असण्याची गरज नव्हती.