प्रतिक्रियेला उत्तर : चष्मा, चिपा आणि भिंतीवरचा हातोडा

इंजिनिअरसाहेब, नमस्कार. (नाव लिहिलं नाहीत, म्हणून असंच म्हणतो.) ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीमागे, येऊरच्या डोंगरउताराला दगडी भिंत चालली आहे. तिथले पाथरवट चष्म्याशिवाय दगड घडवतात, त्यावर मी लिहिलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चार दिवस गॅलरीतून काम बघून कोणी सेफ्टीवर बोलू नये, पाथरवट पिढ्यान्‌पिढ्या उघड्या डोळ्यांनी दगड घडवतात, चष्म्यावर वाफ धरली की उलट हातोडा बोटावर बसतो, आणि फोटो टाकून मी गरिबाच्या पोटावर पाय दिला.

शेवटचं आधी. लेखातला फोटो हटवलाय. मजुराचा चेहरा ओळखू येत होता, हे मला कळायला हवं होतं.

वाफेचंही खरं. मी स्वतः प्लास्टिकचा चष्मा लावून उन्हात उभा राहिलो, पाच मिनिटांत समोरचं धुरकट झालं. पण तारेच्या जाळीचाही चष्मा असतो, त्यावर वाफ धरत नाही. धूळ तो अडवत नाही, चिप, म्हणजे उडणारा दगडाचा तुकडा, मात्र अडवतो. तोही नको असेल तर दोघा पाथरवटांच्या मध्ये गोणपाट बांधा. स्वतःच्या टाकीची (छिन्नीची) चिप माणूस एक वेळ चुकवेल, घाव कुठे घालतोय ते त्याला ठाऊक असतं. शेजाऱ्याची कशी चुकवणार? आणि गोणपाटाला असा खर्च तो किती!

तुमचा मुख्य आक्षेप मात्र पटला नाही. ‘कामाचा दर्जा आमच्यावर सोडा, तुम्ही हेल्मेटं मोजा,’ असं लिहिलंत. या दोन गोष्टी वेगळ्या कुठे आहेत? तिसऱ्या दिवशी गवंड्याने खांडकी (घडवलेला दगड) मालावर, म्हणजे कालवलेल्या सिमेंटवाळूवर, बसवली, भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा लावला, तर एक कोपरा बाहेर आलेला. दगड उतरवून घडवायचा सोडून त्याने भिंतीवरच हातोडा घातला. बसवलेला दगड ठोकू नये, खालचा ओला माल सुटून सांधा मोकळा होतो, हे खरं तर तुम्ही मला सांगायचं. त्याच घावाने उडालेला तुकडा खाली घमेलं घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या खांद्याला लागला. खरचटण्यावर निभावलं. हेल्मेट तिच्या डोक्यावर होतं, बरं का.

परांचीचंही तेच. काळा दगड घनफुटाला ८० किलोच्या आसपास, म्हणजे नऊ इंची खांडकी तीसेक किलोची. सारखं वरखाली नको म्हणून बांबूच्या परांचीवर अशा १२ रचल्या होत्या, शिवाय दोन माणसं. परांचीवर भार किती झाला, हिशेब तुम्हीच करा.

राहिला थ्रू दगड. साधारण दर दीड मीटरला भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड हवा ना? पाण्याच्या टाकीच्या बाजूला दहा फुटांत मला एकही दिसला नाही. पुढून-मागून दगडाचे दोन पडदे, मध्ये डबर (ओबडधोबड दगड) आणि चिपा. मागची माती पाणी पिऊन दाबायला लागली की अशा भिंतीला पोट सुटतं. वरून बघताना माझी नजर चुकली असेल. येऊन पाहा, चूक निघाली तर तीही इथेच लिहीन.

२९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला कुंपणाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ माणसं गेली. आमच्या भिंतीच्या पायथ्यालाही हेच गवंडी पत्र्याच्या खोल्यांत राहतात. पावसाआधी खोल्या हलवा, असं मी सोसायटीच्या कमिटीला लेखी दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही.